मागच्याचा वेग

सावनेर मागे टाकून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की केळवदच्या अलीकडे-पलीकडे चहाच्या टपऱ्या लागतात. जानेवारीतला रविवार होता, आठ वाजायचे होते. एका टपरीच्या बाकड्यावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला, चाळिशीतला एक सायकलवाला बसला होता. एक चहा पिऊन झालेला, दुसराही संपत आलेला. हेल्मेट मांडीवर आणि नजर सावनेरच्या दिशेला. बऱ्याच वेळाने त्याचा जोडीदार आला. त्याने सायकल बाभळीला टेकवली, हातमोजे काढले, बाटली उघडली. तेवढ्यात पहिला उठला आणि हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, "चलायचं?"

आलेल्याने उत्तर दिलं नाही. उभ्या उभ्या अर्धी बाटली रिकामी केली, बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि टपरीवाल्याला म्हणाला, "भाऊ, एक फुल चहा द्या. पोहे आहेत का? तर्री जास्त टाका." पहिला पुन्हा बसला. त्यानंतर दोघंही आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून होते.

संपादकांनी लेखासाठी 'सोबत' हा विषय दिला तेव्हा मला लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांकडे जावंसं वाटलं. दोन माणसं दिवसभर एकाच रस्त्यावर, एकाच दिशेने, एकाच वाऱ्यात चालतात आणि तरी त्यांचा प्रवास एक नसतो, हे त्यांच्याइतकं उघड कुठे दिसत नाही. नागपुरात ही मंडळी शोधावी लागत नाहीत. पहाटे फुटाळ्याच्या काठी, सेमिनरी हिल्सच्या चढावर नाहीतर बुटीबोरीकडे जाणाऱ्या वर्धा रोडवर उभं राहावं. लाल दिवे लुकलुकत समोरून जातात. शहर देशाच्या मध्यावर असल्याने रस्त्यांचाही तोटा नाही: उत्तरेला पेंचच्या जंगलातून शिवनी-जबलपूर, पूर्वेला भंडारा, पश्चिमेला अमरावती. नव्या समृद्धी महामार्गावर मात्र सायकलला बंदी आहे. मुंबईकडे जाणारा सगळ्यात सरळ रस्ता सगळ्यात सरळ वाहनाला वर्ज्य, हे नागपूरकर सायकलवाले हसत सांगतात, पण ते हसणं जरा कडूच असतं.

टपरीवरचं गणित

त्या दोघांचं नेमकं काय बिनसलं होतं ते मला नंतर कळलं, आणि त्याला स्वभावाशी काही देणंघेणं नव्हतं. साधा हिशेब आहे. एकाचा वेग ताशी २४ किलोमीटर, दुसऱ्याचा २०. चाळीस किलोमीटरवर भेटायचं ठरलं, तर पहिला एक तास चाळीस मिनिटांत पोचतो, दुसरा दोन तासांत. पहिल्याला वीस मिनिटं विश्रांती मिळते. दुसरा पोचतो तेव्हा पहिला ताजातवाना झालेला असतो आणि निघायला उतावीळ. दुसरा भिडेखातर लगेच निघतो. दोनशे किलोमीटरमध्ये हे पाच वेळा घडलं तर पहिला शंभर मिनिटं बसलेला असतो आणि दुसरा जवळजवळ नाहीच. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्यालाच ती मिळत नाही. संध्याकाळपर्यंत पहिल्याला वाटत राहतं, आपण दिवसभर याच्यासाठी थांबलो. दुसऱ्याला वाटतं, याने दिवसभर मला पळवलं. दोघांचंही खरं असतं.

ते दोघे २०० किलोमीटरच्या 'बीआरएम'साठी निघाले होते. फ्रान्समधल्या जुन्या परंपरेतून आलेला हा प्रकार. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे नियम, भारतात तो ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनिअर्समार्फत चालतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एका हंगामात चारही पूर्ण केले की 'सुपर रॅन्डोनिअर'. ही शर्यत नाही. निकालात पहिला-दुसरा नसतो, वेळेत आला तो आला. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करून घ्यायची. एटीएमची चिठ्ठी किंवा हॉटेलचं बिलही पुरावा म्हणून चालतं. मागून मदतीची गाडी आणायची नाही. पंक्चर झालं तर आपणच काढायचं, भूक लागली तर आपणच शोधायचं. सोबत्याची मदत घ्यायला मात्र मुभा आहे, आणि खरी मेख तिथेच आहे.

कारण सोबतीचा फायदा मोजता येतो. पुढचा सायकलस्वार वारा कापतो. मागचा त्याच्या चाकाला चिकटून चालला तर त्याची पाव ते तृतीयांश ताकद वाचते. अट एकच, अंतर हातभर-दोन हातभरच हवं. मागचा दहा-पंधरा मीटर सुटला की फायदा संपला आणि दोघंही एकेकटे वाऱ्याशी झुंजतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा अमरावतीच्या दिशेने जाताना हे चांगलंच जाणवतं. म्हणून तगड्याने पुढे राहावं, पण वेग मागच्याचा ठेवावा, असा जुन्या लोकांचा दंडक आहे. ऐकायला सोपा वाटतो. पण मागे वळून वळून पाहणं, चढावर मुद्दाम गिअर हलका ठेवणं, पाय मोकळे सोडायची इच्छा तासन्तास आवरणं, हेही श्रमच आहेत. तगड्या माणसाच्या या थकव्याची दखल कोणी घेत नाही. त्याने स्वतः बोलून दाखवला तर तो उपकार मोजतो असं वाटतं.

बैठक, तळहात, गुडघे

एका दिवसाची स्वारी आणि आठ-दहा दिवसांची भटकंती यांत मोठा फरक आहे. भटकंतीत मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या, त्यांना 'पॅनिअर' म्हणतात, त्यांत पंधरा किलो सामान. पहिला दिवस उत्साहात जातो. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, पण ते कौतुकाचं दुखणं असतं. तिसरा दिवस वाईट. ज्यांना विचारलं त्या जवळपास सगळ्यांनीच तिसऱ्या दिवसाचं नाव घेतलं.

सुरुवात बैठकीपासून होते. माणूस सीटवर बसतो ते कुल्ल्यांच्या दोन हाडांवर. नवखा माणूस मऊ, जाड, जेल भरलेली सीट घेतो, त्यात ती हाडं रुततात आणि सगळा भार भोवतालच्या नाजूक भागावर येतो. घाम, घर्षण आणि ओली चड्डी यांतून आधी लाली, मग फोड, मग गळू. पॅड असलेली सायकलची चड्डी आत दुसरं काही न घालता वापरायची असते. शिवण हाच शत्रू. हे नवख्याला सांगताना अनुभवी लोकही आवाज खाली आणतात. व्हॅसलिनची डबी, कोरडा टॉवेल, रोज रात्री चड्डी धुणं. सोबत्याशी ज्या विषयांवर आयुष्यात बोललो नसतो, त्यांवर तिसऱ्या दिवशी बोलावं लागतं.

मग तळहात. हँडलवर सतत भार पडला की मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस दबते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. दोन-चार दिवसांत शर्टाचं बटण लावता येत नाही, बिस्किटाचा पुडा फाडता येत नाही. मग हे सोबत्याने करायचं. एका बँक अधिकाऱ्याने मला सांगितलं, "माझा मित्र माझ्या पँटची चेन लावून देत होता. वीस वर्षांची दोस्ती, पण त्या दिवशी ती खरी झाली." अल्ट्रा म्हणजे अतिलांब पल्ल्याच्या शर्यतींत याहून भीषण प्रकार होतो: मानेचे स्नायू संपावर जातात आणि डोकं वर उचलताच येत नाही. 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका'च्या सुरुवातीच्या काळातले स्पर्धक मायकेल शर्मर यांच्या नावाने त्याला 'शर्मर्स नेक' म्हणतात. तेव्हा हनुवटीखाली टेकू बांधून पुढे जाणारे लोक आहेत.

गुडघ्यांचं दुखणं बहुतेक वेळा सीटच्या उंचीतून येतं. दुकानातल्या मेकॅनिकने दाखवलं: गिऱ्हाईकाला सीटवर बसवलं, पेडल पार खाली नेलं आणि टाच पेडलवर ठेवायला सांगितली. पाय सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला कलता कामा नये. गिऱ्हाईकाचा गुडघा चांगलाच वाकलेला राहिला. मेकॅनिकने अ‍ॅलन की घालून नळी बोटभर वर घेतली, पुन्हा बसवलं, पुन्हा थोडी खाली केली, आणि नळीवर काळ्या टेपची एक चिंधी गुंडाळली. "आता कोणी बी हलवली तरी खूण राहते," तो म्हणाला. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढे दुखतं, फार वर असली की मागे. एवढंच. पण गावाबाहेर सहाशे किलोमीटरवर ज्याचा गुडघा दुखतो त्याला सीटचा संशय येत नाही, सोबत्याच्या वेगाचा येतो.

आधी केळं

माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठलेलं असतं, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी. लादलेली सायकल बेताच्या वेगाने चालवली तरी तासाला चार-पाचशे कॅलरी सहज जातात. काही भाग चरबीतून भरून निघतो, तरी न खाता चार-पाच तास ओढले की टाकी रिकामी. त्याला सायकलवाले 'बाँक' म्हणतात. पाय जड होतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी डोकं फिरतं हे थोड्यांच्या लक्षात येतं. मेंदूला साखर कमी पडली की माणूस चिडचिडा होतो, त्याला साधा निर्णय घेता येत नाही, जोडीदाराच्या चेनची करकर असह्य होते.

दोन निवृत्त शिक्षकांची जोडी मला रामटेकच्या रस्त्यावर भेटली. गडाच्या पायथ्याशी सावलीत बसून ते केळी सोलत होते. पहिल्या मोठ्या दौऱ्यात त्यांचं इतकं जुंपलं की एकाने सायकल एसटीच्या टपावर टाकून घर गाठलं होतं. भांडण कशावरून? "डावीकडे वळायचं का उजवीकडे यावरून," एक म्हणाले. "आणि दोन्ही रस्ते पुढे एकच होत होते," दुसऱ्यांनी पुरवणी जोडली. तेव्हापासून त्यांचा नियम आहे: वाद सुरू झाला की आधी केळं, मग पाणी, मग पंधरा मिनिटं गप्प. त्यानंतरही वाद शिल्लक असेल तर तो खरा वाद समजायचा. "फार थोडे शिल्लक राहतात," ते म्हणाले. यावर माझा जवळजवळ पूर्ण विश्वास बसला. जवळजवळ एवढ्यासाठी, की काही वाद पोट भरलेलं असतानाच सुचतात.

उन्हातला आरसा

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल नागपूरकराला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो, रस्ता तव्यासारखा तापतो, तोंडाला दुपट्टा आणि खिशात कांदा ठेवून लोक बाहेर पडतात. तरी काही जण मे महिन्यात सायकल काढतातच. त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं: पहाटे चारला निघायचं, दहाच्या आत सावली गाठायची, धाब्याच्या खाटेवर नाहीतर देवळाच्या ओवरीत दुपार काढायची, साडेचार-पाचला पुन्हा पाय मारायचे. देवलापारजवळच्या एका धाब्यावर असेच दोघे पंख्याखाली आडवे झाले होते. मालक ताटं उचलताना म्हणाला, "येवढ्या उन्हात सायकल काऊन चालवून रायले भाऊ? गाडी नाई काय तुमच्याजवळ?" दोघांपैकी एकाचंही उत्तर त्याला पटलं नाही.

उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळायला होतं. ऊन लागल्यावरही साधारण असंच होतं, त्यामुळे माणूस आणखी पाणी पितो. ओआरएसचं एक पाकीट एका लिटरला असतं. सायकलची बाटली बहुतेक वेळा पाऊण लिटरची, आणि घाईत पाकीट तिच्यात पुरं रिकामं केलं जातं. मग ते गोड-खारट पाणी नकोसं होतं आणि बाटली तशीच राहते. एका जोडीने मोठी लिटरची बाटली फक्त यासाठी वेगळी ठेवली होती, तिच्यावर स्केचपेनने रेघ मारून. रस्त्यालगतच्या रसवंतीत उसाच्या रसात लिंबू आणि मीठ घालून घेणारेही आहेत. पाकिटाशी त्याची बरोबरी होणार नाही, पण घशाखाली उतरतं तरी.

उन्हात सोबतीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ओळखणं. ऊन लागलेल्याला स्वतःला ते कळत नाही. त्याला वाटतं आपण ठीक आहोत, थोडं रेटलं तर होईल. शरीराचं आतलं तापमान चाळिशीच्या आसपास जाऊन डोकं भरकटायला लागलं की ती जिवावरची वेळ असते. घाम थांबला म्हणजेच ऊन लागलं, हा समजही पुरता खरा नाही. कष्टाने ऊन लागलेल्याला घाम येत असतो. सोबत्याने पाहायचं ते वेगळंच: बोलण्याला उत्तर उशिरा येतंय का, सायकल सरळ रेषेत चालतेय का, विनोदावर हसणं थांबलंय का. एका डॉक्टर सायकलपटूने मला त्यांची युक्ती सांगितली. ते जोडीदाराला मधूनमधून दुकानातल्या उधारीसारखे हिशेब विचारतात. उत्तर चुकलं की सावली. जोडीदाराला हे फार अपमानास्पद वाटतं, असं ते म्हणाले, आणि उत्तर बरोबर आलं तर तो जास्तच चिडतो.

सहा निघाले, तीन परतले

सोबतीने केलेल्या सायकलप्रवासाची आपल्याकडची सगळ्यात थोर गोष्ट मुंबईची आहे. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण मुंबईतून जगप्रदक्षिणेला निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगारा, गुस्ताद हातीराम, केकी पोचखानावाला आणि नरीमन कापडिया. बलुचिस्तान, इराण, मेसोपोटेमियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, इंडोचायना, ब्रह्मदेश असा तो मार्ग. सुमारे ७१,००० किलोमीटर चालून मार्च १९२८ मध्ये तिघे मुंबईत परतले: हकीम, बापासोला आणि भुमगारा.

बाकीचे तिघे कुठे गळाले? कापडिया घरगुती कारणासाठी तेहरानहून परतले. हातीराम यांना अमेरिका आवडली, ते तिथेच राहिले. आणि पोचखानावाला, हातीराम राहिल्यामुळे मन उडालं म्हणून न्यूयॉर्कहून मायदेशी आले. या तिसऱ्या नावापाशी मी थांबतो. वाळवंटाने ज्याला हरवलं नाही, त्याला एका मित्राच्या निर्णयाने हरवलं. त्याच्यापुढे अर्धं जग बाकी होतं, आणखी तीन सोबती होते, पाय शाबूत होते. पण सहा जणांतही प्रत्येकाचा एक जोडीदार असतो, ज्याच्या चाकामागे आपण चालत असतो. तो गेला की बाकीचे कितीही असले तरी रस्ता रिकामा वाटतो.

उलट बाजूही त्याच काळातली. फ्रामरोज दावर १९२४ मध्ये मुंबईहून एकटेच निघाले. व्हिएन्नाला त्यांना गुस्ताव स्तावियानिक हा ऑस्ट्रियन तरुण भेटला, आणि ते दोघे सहारा ओलांडून, अँडीज चढून, १९३१ पर्यंत एकत्र फिरले. भाषा एक नाही, देश एक नाही, धर्म एक नाही. मैत्री आधी आणि प्रवास नंतर, ही आपली नेहमीची रीत. दावर-स्तावियानिक यांची मैत्री रस्त्यावरच जमली, त्यामुळे घरून आणलेली जुनी देणी-घेणी तिच्यात नव्हती. या प्रवाशांच्या हकिकती गोव्यातले अनूप बबानी आणि सॅव्हिया व्हिएगास यांनी अलीकडे पुन्हा लोकांसमोर आणल्या. त्या वाचताना मला राहून राहून वाटलं, अनोळखी माणसाबरोबर निघणं तितकंसं अविचाराचं नसावं.

नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर, वरोऱ्याच्या आनंदवनातून ज्याची प्रेरणा आली, त्या प्रवासात तर सोबत्यांचा मोठा जथाच होता. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे 'भारत जोडो'साठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. शंभर तरुण आणि सोळा तरुणी सायकलवर, वयाची अट पस्तिशीच्या आत. अंतर ५,०४२ किलोमीटर. सत्तरी गाठलेले बाबा मात्र मणक्याच्या विकारामुळे बसू शकत नव्हते, ते गाडीत आडवे पडून बरोबर होते. १९८८ मध्ये दुसरी फेरी झाली, इटानगर ते ओखा, ७,५४६ किलोमीटर. एवढ्या मोठ्या जथ्याची एक सोय असते: एकाचा कंटाळा आला तर दुसऱ्याबरोबर चालावं. दोघांच्या दौऱ्यात ती नसते. तिथे तक्रार करायलाही तिसरा माणूस नाही. ज्याच्याबद्दल तक्रार, त्यालाच ती सांगायची.

मागच्या गाडीतले

नागपूरचं नाव लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये जगाच्या नकाशावर नेलं ते डॉ. अमित समर्थ यांनी. २०१७ मध्ये त्यांनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली: पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, ११ दिवस २१ तासांत. त्याच वर्षी त्यांच्या काही तास आधी नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ पोचले होते, ते ही शर्यत एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सैबेरियापार जाणारी शर्यत पूर्ण केली: सुमारे ९,१०० किलोमीटर, पंधरा टप्पे, पंचवीस दिवस.

याला 'सोलो' म्हणतात, पण त्यातला एकटेपणा कागदावरचा आहे. स्पर्धकामागे गाडी असते, गाडीत चमू असतो. अमेरिकेतल्या शर्यतीत रात्री स्पर्धकाने मागच्या गाडीच्या दिव्यांच्या उजेडातच चालायचं, असा नियम आहे. बारा दिवसांच्या मुदतीत पोचायचं तर रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त झोप परवडत नाही. चार-पाच दिवसांनी भास होतात, रस्त्यावर नसलेली माणसं दिसतात. या अवस्थेत कधी झोपायचं, काय खायचं, औषध घ्यायचं की नाही, हे चालवणाऱ्याला ठरवता येत नाही. ते चमूप्रमुख ठरवतो. इथे सोबतीला अधिकार असतो आणि तो निघण्याआधी लिहून-बोलून दिलेला असतो. नवी मुंबईचे कबीर राचुरे यांनी २०१९ मध्ये हीच शर्यत पुरी केली तेव्हा त्यांच्या चमूची प्रमुख त्यांची बहीण सपना होती. भावाला झोपेतून उठवून पुन्हा सीटवर बसवायचं काम बहिणीचं. माया आणि सक्ती दोन्ही एकाच माणसाच्या हाती, आणि दर दोन तासांनी निवड करायची.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ही शर्यत आठ दिवस पंधरा तासांच्या आत पार केली. तिथला ताण पुन्हा निराळा. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत. एकाची विश्रांती म्हणजे दुसऱ्याची मेहनत. आपण दहा मिनिटं जास्त झोपलो तर ती कोणाच्या पायांतून वसूल होतात हे दोघांनाही पक्कं माहीत. जोडीदार आणि जोडीदाराचा हिशेब यांत इथे काहीच अंतर राहत नाही.

हौशी भटक्यांना या शर्यतींतून उचलण्यासारखी गोष्ट वेग नव्हे. 'थांबवायचा अधिकार कोणाचा' हे आधी ठरवणं, ती. मी भेटलो त्यांतल्या बहुतेकांनी सीट, टायर, पिशव्या यांवर महिनोन्महिने चर्चा केली होती. थांबवायच्या अधिकारावर अर्धा तासही नव्हता दिला.

सिल्लेवानीचा चढ

नागपुरातलं एक जोडपं, दोघंही पन्नाशीच्या आसपास, दर हिवाळ्यात कुठे ना कुठे सायकलने जातं. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीला दोन सायकली टांगलेल्या, खाली जुन्या चादरीवर सामान पसरलेलं: टायर लिव्हर, ट्यूब, चेनचं तेल, रेनकोट, हळद-मीठ लावलेले शेंगदाणे, दोघांच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत. पचमढीच्या पहिल्या दौऱ्याची गोष्ट ती सांगत होती, तो मधेमधे दुरुस्त करत होता.

सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. सागाचं जंगल, वळणं, मागून ट्रक. तो झपाट्याने वर गेला, सायकल लावली आणि पायी खाली उतरून तिच्या पिशव्या घ्यायला आला. "मी तेव्हा श्वास सांभाळत चालले होते. हळू, पण चालले होते," ती म्हणाली. "आणि हा समोरून हसत येतोय, दे म्हणे पिशवी. मला वाटलं, घाटात ढकलून द्यावं."

"मी मदतीला आलो होतो," तो म्हणाला.

"मागितली होती का?"

त्यानंतर छिंदवाड्यापर्यंत दोघं बोलले नाहीत. लॉजवर खोली घेताना मॅनेजरने विचारलं, दोन वेगळ्या खोल्या हव्यात का. दुसऱ्या दिवशी तामियाच्या चढावर त्याचा गुडघा धरला. आता ती पुढे होती आणि तो उतरून सायकल ढकलत होता. ती वर थांबली, खाली आली नाही. वीस मिनिटांनी तो पोचला तेव्हा तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली आणि तो पुरता बसून, पिऊन, बूट काढून पाय मोकळे करेपर्यंत निघायचं नाव घेतलं नाही. हे तिने ठरवून केलं का, असं मी विचारलं. "नाही हो. मी पण दमले होते," ती म्हणाली.

त्या दौऱ्यात त्यांना आणखी एक अडचण आली होती. दोघांच्या चाकांची मापं वेगळी, ट्यूबच्या व्हॉल्व्हची तोंडंही वेगळी, आणि पंप एकच, तो त्याच्या पिशवीत. तो पुढे, ती पंक्चर होऊन मागे. फोनला रेंज नाही. तासभर ती रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली. जाणारे-येणारे "गाडी बंद पडली का बाई?" विचारत राहिले. यंदा तिने त्याच्याच मापाची सायकल घेतली आहे. पैशांची पाकिटंही आता दोन आहेत, कारण मागे राहिलेल्याला चहा तरी पिता यावा.

डिसेंबरात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा बेत आहे. नकाशा उघडून तो चढाची टक्केवारी सांगायला लागला. तिने मोबाइल त्याच्या हातातून घेतला.

"पुढे मी राहणार. वेग माझा, शिव्याही मलाच पडू देत."

"आणि पंप?"

"दोन घेतलेत. एक तुझ्या पिशवीत टाकलाय, उगाच काढून ठेवू नकोस."

त्याने चादरीवरून पंप उचलला, तोंड फिरवून कुठला व्हॉल्व्ह बसतो ते पाहिलं आणि वजन जास्त आहे म्हणून कुरकुर सुरू केली.